डेटाबेस तंत्रज्ञानाची निवड आणि व्यापारी हितसंबंध : एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

बँका, विमा कंपन्या, शासकीय कार्यालये, विद्यापीठे आणि ग्रंथालये यांच्या नोंदी आज डेटाबेस प्रणालींमध्ये साठविल्या जातात. त्यासाठी कोणती प्रणाली निवडावी हा प्रश्न सामान्यतः तांत्रिक स्वरूपाचा मानला जातो व तो तज्ज्ञांवर सोपविला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या डेटाबेस तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा आढावा घेऊन असे प्रतिपादन केले आहे की, एखादे तत्त्व अखेरीस स्वीकारले जाण्यामागे त्याची गुणवत्ता हे कारण असले, तरी ते केव्हा स्वीकारले जावे, कोणत्या भाषेत आणि कोणत्या अटींवर स्वीकारले जावे हे बहुतांशी विक्रेत्यांच्या उत्पन्नाच्या हिशेबाने ठरले आहे. सार्वजनिक निधीवरील संशोधन, प्रमाणीकरण आणि शासकीय खरेदीचे नियम यांनी या हितसंबंधांना वेळोवेळी आवर घातला. ग्राहकसंस्थांचे निर्णयस्वातंत्र्य या दोन शक्तींच्या समतोलावर अवलंबून राहिले आहे.

बीजसंज्ञा : डेटाबेस, संबंधाधारित प्रतिमान, आयबीएम, ओरॅकल, मायएसक्यूएल, मुक्तस्रोत, परवाना, ग्राहकबंधन

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास हा शोधांचा व संशोधकांचा इतिहास म्हणून लिहिण्याची परंपरा आहे. या पद्धतीने डेटाबेसचा इतिहास लिहिला, तर तो चार्ल्स बॅकमन, एडगर कॉड, मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नावांभोवती फिरतो. संशोधकांचे हे स्थान निर्विवाद आहे. या तिघांनाही अनुक्रमे १९७३, १९८१ आणि २०१४ या वर्षांचे ट्यूरिंग पारितोषिक लाभले. परंतु शोध लागणे आणि तो शोध एखाद्या बँकेच्या किंवा महाविद्यालयाच्या कार्यालयात वापरात येणे या दोन घटनांमध्ये विक्री, करार, परवाना, स्पर्धा आणि कंपन्यांचे संपादन असा मोठा प्रदेश आहे. या प्रदेशाकडे इतिहासलेखनाचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

डेटाबेस ही अन्य सॉफ्टवेअरपेक्षा वेगळी वस्तू आहे. लेखनाची संगणकप्रणाली बदलली तर काही दिवसांचा त्रास होतो. डेटाबेस बदलला तर वर्षानुवर्षे साठलेल्या नोंदी, त्यांवर लिहिलेल्या आज्ञावली आणि ती हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण या सर्वांना धक्का बसतो. त्यामुळे एकदा केलेली निवड पुढील दशक-दोन दशके संस्थेवर बंधनकारक ठरते. विक्रेत्याला या बंधनाचे मोल पूर्ण ठाऊक असते. ग्राहकाला ते बहुधा नंतर कळते.

अभ्यासाची उद्दिष्टे आणि पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची तीन उद्दिष्टे आहेत : (१) डेटाबेस तंत्रज्ञानाच्या विकासातील निर्णायक टप्प्यांवर व्यापारी हितसंबंध कोणत्या मार्गाने कार्यरत झाले हे शोधणे, (२) या हितसंबंधांना कोणत्या घटकांनी मर्यादा घातल्या हे तपासणे, (३) भारतातील, विशेषतः शैक्षणिक संस्थांतील, निवडीच्या संदर्भात या इतिहासाचा अर्थ लावणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कालक्रमापेक्षा प्रश्नांना प्राधान्य दिले आहे. प्रणालींचे तांत्रिक तपशील विषयाच्या आकलनासाठी आवश्यक तेवढेच घेतले आहेत.

१. सॉफ्टवेअर विक्रीची वस्तू होते

१९६० च्या दशकात संगणक विकत किंवा भाड्याने घेणाऱ्यास सॉफ्टवेअर यंत्रासोबतच मिळत असे. त्याची वेगळी किंमत नव्हती. याच काळात जनरल इलेक्ट्रिक कंपनीत बॅकमन यांनी ‘इंटिग्रेटेड डेटा स्टोअर’ ही प्रणाली विकसित केली. दुसरीकडे, अपोलो चांद्रमोहिमेतील सॅटर्न-५ अग्निबाणाच्या असंख्य सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी आयबीएम, नॉर्थ अमेरिकन रॉकवेल आणि कॅटरपिलर या कंपन्यांनी मिळून एक प्रणाली उभारली. १९६८ मध्ये कॅलिफोर्नियातील डाउनी येथे ती कार्यान्वित झाली आणि पुढे ‘इन्फर्मेशन मॅनेजमेंट सिस्टिम’ अर्थात आयएमएस या नावाने बाजारात आली.

जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने आयबीएमविरुद्ध मक्तेदारीविषयक खटला दाखल केला. त्याच वर्षी २३ जून रोजी आयबीएमने यंत्र आणि सॉफ्टवेअर यांच्या किमती वेगळ्या करण्याची घोषणा केली. या घोषणेचे परिणाम दूरगामी ठरले. सॉफ्टवेअरला स्वतंत्र किंमत आली, म्हणून स्वतंत्र सॉफ्टवेअर कंपन्यांना जागा मिळाली. आणि डेटाबेस हा आयबीएमच्या दृष्टीनेही उत्पन्नाचा स्रोत झाला. उत्पन्न देणाऱ्या वस्तूला पर्याय निर्माण करणे हा आता तांत्रिक प्रश्न उरला नाही.

२. चालू उत्पन्न आणि नवे तत्त्व : आयबीएमचा पेच

आयएमएसची रचना श्रेणीबद्ध होती. वंशवृक्षाप्रमाणे प्रत्येक नोंद कोणत्या तरी वरच्या नोंदीच्या पोटी असे. महाविद्यालयाचे उदाहरण घेतल्यास, वर्गाच्या पोटी विद्यार्थी आणि विद्यार्थ्याच्या पोटी त्याचे विषय व गुण अशी मांडणी होईल. अमुक वर्गातील अमुक विद्यार्थ्याचे गुण काढणे यात अतिशय जलद होते. मात्र एखादा विषय घेतलेले सर्व वर्गांतील विद्यार्थी शोधायचे असतील, तर प्रोग्रामरला नोंदींमधून जाणारी वाट स्वतः आखून नवी आज्ञावली लिहावी लागे.

जून १९७० मध्ये आयबीएमच्याच सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात संबंधाधारित प्रतिमान मांडले. माहिती साध्या तक्त्यांमध्ये ठेवावी, तक्त्यांतील समान मूल्यांच्या आधारे त्यांचा परस्परसंबंध जोडावा, आणि वापरकर्त्याने ‘काय हवे’ एवढेच सांगावे. ‘कोणत्या वाटेने’ हे यंत्राने ठरवावे, असा या प्रतिमानाचा आशय होता. नोंदींच्या रचनेत बदल झाला तरी आज्ञावली मोडू नयेत हा त्यामागील मुख्य हेतू होता.

हे प्रतिमान आयबीएमच्या प्रयोगशाळेत जन्मले. त्यावर आधारलेले आयबीएमचे पहिले व्यापारी उत्पादन ‘एसक्यूएल/डीएस’ मात्र १९८१ मध्ये घोषित झाले, आणि मोठ्या यंत्रांसाठीचे ‘डीबी २’ १९८३ मध्ये. या अकरा-तेरा वर्षांच्या विलंबाचे स्पष्टीकरण दोन प्रकारे देता येते.

पहिले स्पष्टीकरण तांत्रिक आहे. वाट शोधण्याचे काम यंत्रावर सोपविल्यास वेग घटेल ही शंका त्या काळी रास्त होती. १९७४ मध्ये अ‍ॅन आर्बर येथे झालेल्या परिषदेत जालबद्ध रचनेचा पुरस्कार करणारे बॅकमन आणि संबंधाधारित प्रतिमानाचे कॉड यांचे समर्थक समोरासमोर आले, तेव्हा संबंधाधारित प्रणाली मोठ्या व्यवहारात चालते हे दाखविणारे उदाहरण उपलब्ध नव्हते. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ या प्रायोगिक प्रकल्पाने ही शंका टप्प्याटप्प्याने दूर केली. १९७७ मध्ये प्रॅट अँड व्हिटनी ही विमानइंजिने बनविणारी कंपनी त्याची पहिली बाहेरील ग्राहक झाली.

दुसरे स्पष्टीकरण व्यापारी आहे. आयएमएस हे यशस्वी उत्पादन होते. मोठ्या ग्राहकांनी त्यावर आपले व्यवहार उभे केले होते. नव्या तत्त्वाची श्रेष्ठता आयबीएमने स्वतःच जाहीर केली असती, तर जुन्या उत्पादनाच्या विक्रीवर आघात झाला असता आणि ज्यांनी नुकताच खर्च केला होता असे ग्राहक अस्वस्थ झाले असते. डीबी २ बाजारात आल्यानंतरचे आयबीएमचे धोरण या दृष्टीने बोलके आहे. दैनंदिन व्यवहारांच्या प्रचंड ओघासाठी आयएमएस आणि माहितीच्या विश्लेषणासाठी डीबी २ अशी ‘दुहेरी डेटाबेस’ धोरणाची मांडणी कंपनीने केली. नव्या उत्पादनाची जागा अशी आखण्यात आली की, जुन्या उत्पादनाचे उत्पन्न अबाधित राहावे.

ही दोन्ही स्पष्टीकरणे परस्परविरोधी नाहीत. सिस्टिम आर प्रकल्पाने तांत्रिक शंका दूर केल्यानंतरही उत्पादन तत्काळ आले नाही, ही बाब मात्र व्यापारी कारणाला अधिक वजन देते. आयएमएस आजही आयबीएमकडून विकले व सांभाळले जाते. जुन्या निवडीचे बंधन किती दीर्घकाळ टिकते याचे यापेक्षा ठळक उदाहरण क्वचितच आढळेल.

३. पोकळीत शिरलेले स्पर्धक आणि भाषेचा निर्णय

आयबीएमच्या संशोधकांनी सिस्टिम आरविषयीचे निबंध खुलेपणाने प्रसिद्ध केले होते. १९७७ मध्ये लॅरी एलिसन, बॉब मायनर आणि एड ओट्स यांनी ‘सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट लॅबोरेटरीज’ ही छोटी कंपनी स्थापन केली व या निबंधांच्या आधारे आपले उत्पादन घडविले. १९७९ मध्ये ‘ओरॅकल’ बाजारात आले. आयबीएमच्या पहिल्या संबंधाधारित उत्पादनाच्या दोन वर्षे आधी. पहिलीच आवृत्ती ‘आवृत्ती २’ या नावाने विकण्यात आली. पहिल्या आवृत्तीवर ग्राहकांचा विश्वास बसत नाही हे त्यामागील व्यवहारज्ञान होते. १९८३ च्या तिसऱ्या आवृत्तीत ही प्रणाली ‘सी’ भाषेत नव्याने लिहिली गेली आणि त्यामुळे ती अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर चालू लागली. आयबीएमला आपले यंत्र विकायचे होते. ओरॅकलला यंत्र विकायचे नसल्याने ‘कोणत्याही यंत्रावर चालणारा डेटाबेस’ हेच तिचे विक्रीचे सूत्र झाले.

याच काळात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरात स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांच्या नेतृत्वाखाली ‘इंग्रेस’ हा प्रकल्प सुरू होता. त्याला सार्वजनिक निधीचा आधार होता आणि त्याची मूळ आज्ञावली अन्य विद्यापीठांना नाममात्र शुल्कात दिली जात असे. इंग्रेसची प्रश्नभाषा ‘क्वेल’ ही तर्कशुद्धतेच्या दृष्टीने एसक्यूएलपेक्षा सरस आहे असे मत अनेक अभ्यासकांनी व्यक्त केले आहे. तरीही टिकली ती एसक्यूएल.

एसक्यूएलचा उगम डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या ‘सिक्वेल’ या भाषेत आहे. आयबीएमने आपल्या उत्पादनांसाठी ही भाषा स्वीकारली, त्या क्षणी तिचे भवितव्य जवळजवळ ठरले. आयबीएमचे ग्राहक आपलेसे करायचे असतील तर आयबीएमचीच भाषा बोलली पाहिजे हे ओरॅकलने ओळखले होते. १९८६ मध्ये अमेरिकन राष्ट्रीय मानक संस्थेने आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने एसक्यूएलला प्रमाणभाषेचा दर्जा दिला. इंग्रेसलाही पुढे एसक्यूएलची सोय करावी लागली. येथे एका गोष्टीची नोंद घेतली पाहिजे. प्रमाणभाषा ठरल्याने ग्राहकांचा लाभ झाला. परंतु प्रमाण म्हणून कोणती भाषा निवडावी हा निर्णय बाजारातील सर्वांत मोठ्या विक्रेत्याच्या सावलीत झाला.

प्रमाणभाषेमुळे ग्राहक मुक्त झाला का, या प्रश्नाचे उत्तर अंशतः नकारार्थी आहे. अमेरिकन शासनाने १९८७ मध्ये एसक्यूएलला आपल्या खरेदीचे मानक म्हणून मान्यता दिली. त्यानंतर तेथील राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्था प्रत्येक उत्पादन मानकाप्रमाणे चालते की नाही याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देत असे. शासनासारखा मोठा ग्राहक प्रमाणपत्र मागत असल्यामुळे विक्रेत्यांना मानक पाळणे भाग पडे. १९९६ मध्ये ही चाचणी बंद झाली आणि आपले उत्पादन मानकानुसार आहे हे विक्रेत्यांनी स्वतःच सांगावे अशी स्थिती आली. दरम्यान प्रत्येक विक्रेत्याने मूळ भाषेला स्वतःची पुस्ती जोडली होती : ओरॅकलची ‘पीएल/एसक्यूएल’, सायबेस व मायक्रोसॉफ्ट यांची ‘ट्रान्झॅक्ट-एसक्यूएल’. संस्थेचे व्यवहारनियम या पुस्त्यांमध्ये लिहिले गेले की, ते दुसरीकडे नेणे कठीण होते. फरक पुष्कळदा अगदी सूक्ष्म असतात. ओरॅकलमध्ये रिकामी अक्षरमाला आणि ‘मूल्य नाही’ ही स्थिती एकच मानली जाते. मानकानुसार त्या भिन्न आहेत. एवढ्या फरकामुळेही स्थलांतरानंतर अहवालांतील आकडे चुकू शकतात. ग्राहकबंधनाचे धागे बहुधा अशा किरकोळ वाटणाऱ्या तपशिलांतच विणलेले असतात.

४. मोजमाप कोणाचे?

दोन प्रणालींपैकी सरस कोणती हे मोजून ठरवावे ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु मोजमाप हाही हितसंबंधांचा विषय झाला. १९८३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील डेव्हिड डेविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही प्रणालींची तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध केली व त्यात उत्पादनांची नावे दिली. ओरॅकलची कामगिरी त्यात निराशाजनक होती. त्यानंतर विक्रेत्याच्या पूर्वसंमतीवाचून चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध करण्यास मनाई करणारे कलम परवान्यात आले. ‘डेविट कलम’ या नावाने ओळखली जाणारी ही तरतूद नंतर अन्य विक्रेत्यांनीही स्वीकारली. पैसे देऊन वस्तू घेणाऱ्याला तिच्या गुणदोषांविषयी जाहीरपणे बोलता येऊ नये, अशी अट अन्य फारच थोड्या वस्तूंच्या बाबतीत आढळते. स्वतंत्र संशोधनाच्या दृष्टीने तिचे परिणाम गंभीर आहेत. अनेक शोधनिबंधांत आजही उत्पादनाचे नाव न देता ‘एक व्यापारी प्रणाली’ असा मोघम उल्लेख करावा लागतो.

१९८५ मध्ये ‘डेटामेशन’ या नियतकालिकात जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाव न देता एक निबंध प्रसिद्ध केला. बँकेत पैसे भरणे व काढणे या व्यवहारावर आधारलेली एक समान चाचणी त्यात सुचविली होती. विक्रेत्यांनी ती उचलली, पण आपापल्या सोयीने बदलून. या गोंधळातून मार्ग काढण्यासाठी १९८८ मध्ये ओम्री सर्लिन यांच्या पुढाकाराने आठ कंपन्यांनी ‘ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग परफॉर्मन्स कौन्सिल’ स्थापन केली. चाचणीचा तपशील उघड करणे आणि वेगासोबत किंमतही जाहीर करणे असे नियम तिने केले, ते निश्चितच उपकारक होते. तथापि नियम करणारे आणि नियमांनी मोजले जाणारे हे एकच होते. १९९३ मध्ये स्टँडिश ग्रुप या संस्थेने असा आरोप केला की, ओरॅकलने चाचणीतील आकडे वाढविण्यासाठी उत्पादनात एक विशेष सोय केली असून सर्वसामान्य ग्राहक ती वापरणार नाही. नियमांच्या अक्षराचे आपण पालन केले आहे, असे ओरॅकलचे उत्तर होते. त्यानंतर केवळ चाचणीसाठी केलेल्या सोयींना मनाई करणारा नियम परिषदेने केला. मोजमापाची विश्वासार्हता टिकविण्यासाठी स्पर्धकांचा परस्परांवरील पहारा उपयोगी पडतो. मात्र ग्राहकाच्या प्रत्यक्ष कामाशी त्या आकड्यांचा संबंध किती, हा प्रश्न तसाच राहतो.

५. मालकीचे हस्तांतरण : मायएसक्यूएलचे प्रकरण

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमुळे व्यापारी हितसंबंधांचा प्रश्न सुटेल अशी आशा १९९० च्या दशकाच्या अखेरीस निर्माण झाली. मायएसक्यूएलचा इतिहास या आशेची मर्यादा दाखवितो. १९९५ मध्ये मायकेल विडेनियस, डेव्हिड अ‍ॅक्समार्क आणि अ‍ॅलन लार्सन यांनी स्वीडनमध्ये ही प्रणाली व कंपनी सुरू केली. २००० मध्ये तिने जनरल पब्लिक लायसन्स हा मुक्त परवाना स्वीकारला. आज्ञावली सर्वांना खुली होती. परंतु तिचा स्वामित्वहक्क एकाच कंपनीकडे होता. ज्यांना मुक्त परवान्याच्या अटी नको होत्या त्यांना कंपनी तीच वस्तू व्यापारी परवान्याने विकत असे.

विश्वासार्ह व्यवहारांसाठी मायएसक्यूएल ‘इनोडीबी’ या घटकावर अवलंबून होते आणि तो घटक इनोबेस या फिनलंडमधील कंपनीचा होता. ऑक्टोबर २००५ मध्ये ओरॅकलने इनोबेस विकत घेतली. स्पर्धकाच्या घराचा पाया ताब्यात घेण्यासारखी ही खरेदी होती. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने सुमारे १ अब्ज डॉलरना मायएसक्यूएल कंपनी घेतली. एप्रिल २००९ मध्ये ओरॅकलने सन कंपनीच सुमारे ७.४ अब्ज डॉलरना घेत असल्याची घोषणा केली. जगातील सर्वांत मोठ्या व्यापारी डेटाबेसचा विक्रेता सर्वाधिक लोकप्रिय मुक्तस्रोत डेटाबेसचा मालक होणार होता.

सप्टेंबर २००९ मध्ये युरोपीय आयोगाने सखोल चौकशी सुरू केली. डिसेंबरमध्ये ओरॅकलने मायएसक्यूएलविषयी दहा जाहीर आश्वासने दिली. त्यांची मुदत पाच वर्षांची होती. जानेवारी २०१० मध्ये आयोगाने संमती दिली. मायएसक्यूएल हे अनेक क्षेत्रांत ओरॅकलचे थेट स्पर्धक नाही आणि पोस्टग्रेएसक्यूएलसारखे पर्याय उपलब्ध आहेत, असे कारण त्यामागे होते. विडेनियस यांनी तत्पूर्वीच खुल्या आज्ञावलीच्या आधारे ‘मारियाडीबी’ ही वेगळी शाखा सुरू केली होती. २०१३ मध्ये विकिपीडियाने मायएसक्यूएल सोडून मारियाडीबी स्वीकारले. मुक्त परवान्याने आज्ञावलीचे संरक्षण केले. नाव, ग्राहक आणि व्यापारी हक्क मात्र विकत घेणाऱ्याकडे गेले. ‘मुक्त’ हे विशेषण परवान्याला लागते, मालकीला नव्हे, हा या प्रकरणाचा धडा होय.

याच्याशी पोस्टग्रेएसक्यूएलची तुलना उद्बोधक ठरते. १९८६ मध्ये बर्कली येथे ‘पोस्टग्रेस’ म्हणून सुरू झालेल्या आणि १९९६ पासून आजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रणालीला एकच एक मालक नाही. तिच्याभोवती अनेक कंपन्या सेवा विकतात. त्यांपैकी एंटरप्राइझडीबी या कंपनीचे पुण्यातही कार्यालय आहे; ओरॅकलशी सुसंगत सोयी पुरवून तेथून बाहेर पडू इच्छिणाऱ्या ग्राहकांना साहाय्य करणे हा तिच्या व्यवसायाचा एक भाग आहे. येथेही नफ्याचा हेतू आहेच; पण तो हेतू बाळगणारे अनेक असल्यामुळे ग्राहकाला विक्रेता बदलता येतो.

६. परवान्यांचे नवे वळण

२०१० नंतर डेटाबेस दूरस्थ संगणकसेवेच्या स्वरूपात भाड्याने मिळू लागले आणि संघर्षाची बाजू पालटली. मुक्तस्रोत डेटाबेस घडविणाऱ्या कंपन्यांची तक्रार अशी होती की, त्यांचे सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकून मोठ्या संगणकसेवा कंपन्या नफा मिळवितात. ऑक्टोबर २०१८ मध्ये मोंगोडीबीने आपला परवाना अधिक कडक केला. जानेवारी २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनने त्याच्याशी सुसंगत अशी स्वतःची सेवा आणली. मार्च २०२४ मध्ये रेडिसने परवाना बदलताच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘व्हॅल्की’ ही शाखा निघाली. मे २०२५ मध्ये रेडिसने पुन्हा मुक्त परवान्याचा पर्याय दिला. आपल्या संस्थेसाठी मुक्त म्हणून निवडलेली प्रणाली पाच वर्षांनी त्याच अटींवर मिळेल याची शाश्वती नाही, हे या घटनांवरून दिसते.

बाहेर पडण्यासाठी किती सामर्थ्य लागते याचे उदाहरणही याच काळातील आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनने आपल्या ग्राहकव्यवसायातील ओरॅकलचा वापर थांबविल्याचे जाहीर केले. सुमारे ७,५०० डेटाबेसमधील ७५ पेटाबाइट माहिती हलवावी लागली होती. स्वतःच डेटाबेस घडविणाऱ्या कंपनीलाही हे काम काही वर्षे पुरले. सामान्य संस्थेची स्थिती यावरून लक्षात यावी.

७. भारतीय संदर्भ

डेटाबेसचा विक्रेता वरच्या थरातील उपयोजित सॉफ्टवेअर ताब्यात घेऊन आपले स्थान कसे बळकट करतो याचे उदाहरण मुंबईत आढळते. आय-फ्लेक्स सोल्युशन्स या मुंबईतील कंपनीचे ‘फ्लेक्सक्यूब’ हे बँकिंग सॉफ्टवेअर अनेक देशांतील बँकांनी स्वीकारले होते. २००५ मध्ये ओरॅकलने सिटीग्रुपकडील या कंपनीचा हिस्सा विकत घेण्याचा करार केला, पुढे बहुमताचे भागभांडवल मिळविले, आणि २००८ मध्ये कंपनीचे नाव ‘ओरॅकल फायनान्शियल सर्व्हिसेस सॉफ्टवेअर’ असे झाले. बँक बँकिंगचे सॉफ्टवेअर निवडते. डेटाबेसची निवड बहुधा त्याच्याबरोबर आपोआप होते.

शैक्षणिक संस्थांना अधिक जवळचे उदाहरण ग्रंथालयांचे आहे. इन्फ्लिबनेट केंद्राने महाविद्यालयीन व विद्यापीठीय ग्रंथालयांसाठी तयार केलेल्या ‘सोल’ या सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर आधारित होती. सार्वजनिक संस्थेने सवलतीत दिलेल्या सॉफ्टवेअरच्या तळाशी अशा प्रकारे परदेशी कंपनीचे व्यापारी उत्पादन होते. २००९ मधील दुसऱ्या आवृत्तीत मायएसक्यूएलचा पर्याय देण्यात आला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘ई-ग्रंथालय’ या सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती पोस्टग्रेएसक्यूएलवर आधारित आहे. न्यूझीलंडमध्ये निर्माण झालेले आणि जानेवारी २००० पासून वापरात असलेले ‘कोहा’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीवर चालते व भारतातील अनेक ग्रंथालयांनी ते स्वीकारले आहे. २०१५ मध्ये केंद्र शासनाने आपल्या प्रणालींसाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. या सर्वांतून एक दिशा दिसते : सार्वजनिक संस्थेने तळाचा थर बदलला की तिच्यावर अवलंबून असलेल्या ग्रंथालयांसमोरील पर्याय आपोआप विस्तारतात.

निष्कर्ष

१. संबंधाधारित प्रतिमानाचा विजय त्याच्या गुणवत्तेमुळे झाला. परंतु १९७० ते १९८३ हा विलंब केवळ तांत्रिक नव्हता. यशस्वी जुन्या उत्पादनाचे उत्पन्न हा नव्या तत्त्वासमोरील प्रमुख अडथळा ठरला.

२. हा अडथळाही अखेरीस व्यापारी स्पर्धेनेच दूर केला. म्हणून व्यापारी हितसंबंध सर्वस्वी हानिकारक होते असे म्हणता येत नाही. ते एकवटले तेव्हा निवड आकुंचित झाली, विखुरले तेव्हा विस्तारली.

३. हितसंबंध प्रामुख्याने चार मार्गांनी कार्यरत झाले : उत्पादनाची सोयीस्कर मांडणी, प्रमाणभाषेला जोडलेल्या खासगी पुस्त्या, मोजमापावरील नियंत्रण आणि मालकीचे हस्तांतरण.

४. सार्वजनिक निधीवरील संशोधन, शासकीय खरेदीशी जोडलेले प्रमाणीकरण, स्पर्धाविषयक नियमन आणि विखुरलेली मालकी या चार घटकांनी ग्राहकाचे संरक्षण केले. प्रमाणीकरणाची चाचणी बंद झाल्यावर हे संरक्षण क्षीण झाले.

सूचना

महाविद्यालये व विद्यापीठे यांच्याकडील प्रवेश, परीक्षा आणि ग्रंथालयांच्या नोंदी हा विद्यार्थ्यांच्या हक्काशी निगडित असा दीर्घकालीन दस्तऐवज आहे. वीस वर्षांपूर्वीच्या गुणपत्रिकेची पडताळणी करण्याची वेळ आली, तेव्हा ती नोंद वाचता येईल की नाही हे आजच्या खरेदीवर अवलंबून राहील. म्हणून निविदेच्या वेळी खरेदीच्या किमतीबरोबर बाहेर पडण्याच्या किमतीचाही विचार व्हावा. सर्व नोंदी खुल्या स्वरूपात, विक्रेत्याच्या साहाय्यावाचून आणि अतिरिक्त शुल्काविना काढता येतील अशी अट करारात असावी व तिची चाचणी स्वीकृतीपूर्वीच घेतली जावी. व्यवहारनियम शक्य तितके प्रमाणभाषेत लिहिले जावेत. मुक्तस्रोत प्रणाली निवडताना परवान्याबरोबर तिचा स्वामित्वहक्क एका कंपनीकडे आहे की अनेकांकडे, हेही पाहिले जावे. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात एकाच विक्रेत्याच्या प्रणालीचे प्रशिक्षण देण्याऐवजी प्रमाणभाषा आणि तिच्यापासून झालेली फारकत शिकविली जावी. कारण पुढील निविदांचे निर्णय घेणारे आजच्या वर्गांतच बसलेले आहेत.

डेटाबेसची निवड तज्ज्ञांचा सल्ला घेऊन व्हावी हे योग्यच आहे. मात्र तो सल्ला कोणाच्या मोजमापावर आणि कोणाच्या उत्पन्नावर आधारलेला आहे हे विचारण्याची जबाबदारी संस्थेची आहे. गेल्या सहा दशकांच्या इतिहासाचे याविषयीचे साक्ष पुरेसे स्पष्ट आहे.